कवामामांची खुर्ची

आमच्या गावात त्यांचं खरं नाव फार कमी लोक घेत. लहानमोठ्या सगळ्यांसाठी ते कवामामा. कोणतीही सभा असो, शेवटी साहेबांनी "कोणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की बाकीचं गाव चपला शोधायला लागायचं आणि मामा उभे राहायचे. टोपी काढून हातात धरायचे आणि विचारायचे, "साहेब, हे सारं बरोबर हाय. पन हे कवा होनार?" उत्तर मिळेपर्यंत ते खाली बसत नसत. साहेब हसून म्हणत, "चांगला प्रश्न आहे, मामा." मग चहा येई, जीप निघून जाई. जीपची धूळ खाली बसायची, मामा मात्र उभेच.

मामांचा नाल्याकाठी भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी आई त्यांच्याकडे कामाला होती. भल्या सकाळी जुड्या बांधून व्हायच्या आणि मामा त्या जऊळक्याच्या बाजारात न्यायचे. शाळेला सुट्टी असली की मीही जायचे. मामा मला काम सांगत नसत, धडा वाचायला सांगत. मी वाचून संपवलं की म्हणत, "आता विचार काहीतरी. नुसतं वाचून काय होते?" मला काही सुचायचं नाही. तेव्हा ते आईकडे बघून म्हणायचे, "हे शिकन, पन भांडन नाही कोनाशी." आई म्हणायची, "नोको भांडू दे बाप्पा, तुमी आहा ना."

नाल्याला मातीचा जुना बांध होता. त्याला एका ठिकाणी भगदाड पडलं होतं. पूर्वी त्याचं एवढं भय नव्हतं, कारण पाऊस थांबून थांबून यायचा. आता पंधरवडा कोरडा जातो आणि मग एकाच दुपारी सगळं आभाळ खाली येतं. भगदाडाच्या खालीच मामांचा मळा होता, आणि त्याला लागून सुमनकाकूंचं वावर.

अशातच गावात आराखड्याची सभा झाली. साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवून समजावलं. हवामान बदलतंय, त्याच्याशी जुळवून घ्यायचं आहे. जगातले देश आपापले आराखडे करतायत, आपला देशही करतो, मग राज्य, मग जिल्हा. तुमचं गाव त्याची शेवटची पायरी आहे. मामा उठले. "साहेब, आमी त जुळवूनच घेऊन राह्यलो. एखाद्या वक्ती आभाळालेही सांगा ना जुळवून घ्याले." सभा हसली. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, बांधाचं नाव घेऊन.

या वेळी उत्तर मिळालं. "येत्या उन्हाळ्यात." शिवाय साहेब म्हणाले, अशी जागरूक माणसं गावाच्या समितीत हवीत. मामांना पुढे बोलावून, साहेबांच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली. टोपी डोक्यावर ठेवून मामा बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर फार अभिमान वाटला होता.

उन्हाळा आला. काम आलं नाही. गावातल्या पोरांनी ठरवलं की ट्रॅक्टरभर दगडमाती आणून आपणच भगदाड बुजवू. मामा बांधावर आडवे उभे राहिले.

"हात नोका लावू, बाप्पा! मागं आपन विहिरीचा गाळ काढला, तवा काय झालं? पाहनीवाले आले अन् लिहून गेले, विहीर बरी हाय, कामाची गरज नाही. आता हे बुजवसान त पाहनीच्या फोटोत बांध धड दिसन, अन् आपलं नाव कटन."

"पन मामा, पानी आलं त?" एका पोराने विचारलं.

"आराखड्यात हाय ते. उन्हाळा सरला नाही अजून."

मामांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही, कारण विहिरीचं खरंच तसं झालं होतं. पोरं ट्रॅक्टर घेऊन परत गेली. त्यानंतर मामांनी ते भगदाड जपलं. कोणी शेळ्या घेऊन तिकडून उतरला तर हाकलायचे, कडा ढासळून त्याचा आकार बदलू नये म्हणून. फुटलेली वस्तू फुटलेलीच राहावी म्हणून राखण करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर 'कवा' विचारलं, त्याने त्या उन्हाळ्यात एकदाही विचारलं नाही.

पुढे पोळ्याच्या आधी, एका दुपारी पाऊस आला आणि नाला भगदाडातून मळ्यात शिरला. वांगी गेली याचं एवढं नाही, वांगी पुन्हा लावता येतात. मातीच गेली. खाली पांढरा मुरूम उघडा पडला. सुमनकाकूंचं अर्धं वावरही गेलं. त्या चिखलात उभ्या राहून म्हणाल्या, "काढा आता फोटो, मामा. आता त लय साजरा येईन."

मामांची टोपी हातात होती.

आई आता किन्हीराजा गावाकडे दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाते. पुढच्या साली सुधारित आराखड्यासाठी साहेब आले, दुसरे होते. "कोणाला काही विचारायचंय का?" म्हणाले. सगळ्या माना मागे वळल्या. मामांची जागा रिकामी होती. ते अकोल्याला लेकीकडे गेले होते. तिथे एका इमारतीच्या फाटकावर राखणदार आहेत. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं काम.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मागच्या महिन्यात वाशीमला आमच्या कॉलेजात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं, देशाच्या अनुकूलन आराखड्यावर. तीच चित्रं, त्याच पायऱ्या, फक्त पडदा मोठा. गाव सगळ्यात खाली. लोकसहभाग हा शब्द ते फार प्रेमाने उच्चारत होते. शेवटी त्यांनी काही प्रश्न आहेत का विचारलं. सभागृहात चपलांचा आवाज सुरू झाला. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, हे सगळं बरोबर आहे. पण हे कधी होणार?"

"चांगला प्रश्न आहे," ते हसून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

संध्याकाळी मी मामांना फोन केला. खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे फाटक उघडल्याचा आवाज आला, एक गाडी आत गेली.

"मंग तू काय केलं?" त्यांनी विचारलं.

"काय करणार मामा, बसले खाली."

फाटक बंद झाल्याचा आवाज आला.

"बसली काहून, पोरी?"