विहिरीतलं दुसरं कासव

आमच्या गावात माझ्याबद्दल सध्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, गुरुजींनी विहिरीतलं जुनं कासव विकलं. दुसरी, गुरुजींच्या वडिलांना त्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याचा हा सूड. दोन्ही खोट्या आहेत. खरं जे घडलं ते यापेक्षा बरं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. पण घडलं तसं लिहितो.

गाव अंबड तालुक्यातलं. कापूस, सोयाबीन, चौकात चहाच्या टपऱ्या आणि चौकाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांची विहीर. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात. त्यानं पाणी साफ राहतं, विहिरीला बरकत येते, असं म्हणतात. आमच्या विहिरीतलं कासव कोणी सोडलं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठ मऊ, चामड्यासारखी. नाकाचा शेंडा नळीसारखा पुढे आलेला. श्वास घ्यायला तेवढं वर यायचं आणि माणसाची चाहूल लागली की खाली जायचं. नुसतं नाक दिसलं तरी बाया हात जोडायच्या.

गाळ काढायचा असला की आधी कासवाला टोपल्यात घालून वर आणत. ज्याच्या हाती काम, त्याच्या घरी ते घंगाळात राहायचं. गाळ निघाला, पाणी लागलं, की हळदकुंकू लावून, नारळ फोडून त्याला परत सोडायचं.

माझ्या वडिलांना त्या विहिरीची पायरी उतरता येत नव्हती. पुढे आम्ही बौद्ध झालो, दिवस पालटले, मी त्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. माझी निवृत्ती जवळ आली त्या सुमारास ग्रामपंचायतीनं गाळाचं काम माझ्याकडे सोपवलं. म्हणजे कासव आमच्या घरी आलं. आई तेव्हा होती. ती घंगाळाजवळून उठेना.

"तुझा बाप असता तं हसत बसला असता," ती म्हणाली. मग कणकेची गोळी करून पाण्यात टाकली. "खाय बाबा. आमच्या हातचं चालतंय ना तुला?"

त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत हगवणीची साथ होती. मी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायचं ठरवलं. किती टाकायची ते मीच काढलं, विज्ञानाचा मास्तर ना. पण हिशेब भरलेल्या विहिरीचा धरला आणि पाणी होतं गुडघाभर. संध्याकाळी वाजतगाजत कासव सोडलं. सकाळी पाण्याचा वास बघायला गेलो तर ते उलटं तरंगत होतं. पांढरं पोट वर.

मी त्याला बादलीत घेतलं, वरून पोतं टाकलं आणि आमच्या शेताच्या बांधाला पुरलं. कोणाला सांगितलं नाही. माणसं काय बोलतील ते मला ऐकू येत होतं: यांच्याकडं दिलं अन् मेलं. 'यांच्याकडं' या शब्दात माझं शिक्षण, माझी नोकरी काहीच धरलं जाणार नव्हतं.

आठवडाभर मी म्हणत राहिलो, कासव कपारीत बसलंय. मग संभाजीनगरला गेलो. तिथे रंगीत मासे विकणाऱ्या एका दुकानात एक मोठं कासव होतं. कोणीतरी हौसेनं लहान असताना नेलं होतं आणि फार वाढलं म्हणून परत आणून दिलं होतं. पाठ टणक, कानामागे लाल पट्टा. कासव ते कासव, मला वाटलं. घेतलं आणि भर दुपारी, विहिरीवर कोणी नसताना, सोडून दिलं.

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. जुनं कासव लाजाळू होतं, हे पायरीवर येऊन तासन् तास उन्हाला बसायचं. अख्खं गाव बघायला यायचं.

"गुरुजीच्या औषधानं कासव पार जवान झालं!" चहावाला म्हणायचा. "आधी नाक दाखवायला लाजायचं, आता पाय पसरून बसू राह्यलंय."

"रंगही बदलला की थोडा."

"मंग? साफ पाण्यानं माणूस उजळतो, ते तं कासव हाय."

मी मान हलवायचो. खोटं मी आठवडाभरच बोललो होतो, त्यानंतर गावच माझ्या वतीनं बोलत होतं.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे जालन्याला आलो. मागच्या वर्षी सरपंचाचा फोन आला. तो माझाच विद्यार्थी.

"गुरुजी, रस्ता रुंद होऊ राह्यला. विहिरीवर स्लॅब पडणार. कासवाला गोदामायीत सोडायचं ठरलंय, ट्रॅक्टर सजवून. अन् सोडायचं तुमच्याच हातानं."

"माझ्या कशाला रे?"

"आता घ्या! तुमच्यामुळंच तं जगलं ते."

कासवाचा फोटोही त्यानं पाठवला. माझी नात प्राणिशास्त्र शिकते. तिनं माझ्या खांद्यावरून फोन बघितला.

"आजोबा, हे आपल्याकडचं नाही. लाल पट्टा बघा. हे अमेरिकेतलं. नदीत सोडू नका हं."

"कासव कासवच की, बेटा."

तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "असं समजा, ही भावकी आहे. हे लाल पट्टेवालं, जंगलातलं चांदणी कासव, समुद्रातली कासवं, ही सगळी एका घरची. आपल्या विहिरीतली मऊ पाठीची त्यांच्यापासून फार आधी वेगळी झाली. तेव्हा डायनासोर होते. म्हणजे या फोटोतल्याला समुद्रातलं कासव जवळचं. आपल्या विहिरीतलं फार लांबचं."

"दिसायला तर भाऊच वाटतात."

"दिसण्यावर नका जाऊ. कासवाला पालीपेक्षा कोंबडी जवळची आहे, ते पटतं का?"

ते मला बिलकुल पटलं नाही. मी आयुष्यभर फळ्यावर पाल आणि कासव एका रकान्यात लिहिलं आणि कोंबडी दुसऱ्यात. इतकी पोरं तेच पाठ करून पास झाली. आता कळतं की रकानेच चुकले होते.

नात सांगत होती की प्राणी वाचवायचे तर नुसती मोजदाद पुरत नाही, नातीही बघावी लागतात. एखाद्याचे शंभर चुलते-पुतणे मागे उरलेले असतात. एखादा मात्र फार जुन्या घराण्यातला, भावकी थोडकीच. तो गेला तर त्याच्याबरोबर केवढी लांब वाट संपते. मऊ पाठीची कासवं तसल्या थोडक्यांत येतात, म्हणे. लोक त्यांना धरतात, नदीचं पाणी आटतं, वाळू उपसली की अंडी घालायला काठ उरत नाही. त्यात हे बाहेरचं सोडलं तर ते त्यांचं खाणं खाईल, जागा घेईल, रोग नेईल.

मी ऐकत होतो, पण ते मला रुचेना. घराणं कुठलं, भावकी कुठली, त्यावरून कोणाला पाणी द्यायचं ते ठरणार? ज्या घरात मी वाढलो तिथे ही भाषा फार जुनी आणि फार वाईट आहे. मी तिला तसं म्हणालो. आवाज जरा चढला.

ती म्हणाली, "पणजोबांना अडवलं ते खोट्या नात्यावरून. माणसं सगळी एकाच घरची, तीही कालपरवाची. त्यांना अडवून कोणाचाच जीव वाचला नाही. इथे नदीतल्यांचा वाचेल."

"आणि या लाल पट्ट्याचा काय गुन्हा?"

"त्याचा काहीच नाही," ती म्हणाली. "आणलं त्याचा."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "ब्लीचिंग किती टाकलं होतं?" आणि दुसरा, "मऊ पाठीचं नर होतं की मादी?" दोन्ही मला सांगता आलं नाही.

फोनवर सरपंचाला सांगायचं मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. ठरल्या दिवशी चौकात ट्रॅक्टर उभा होता, फुलांच्या माळा, हलगी वाजत होती. ट्रॉलीत घंगाळ आणि त्यात ते. बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. मला हात देऊन वर चढवलं. मी म्हणालो, हे आपलं कासव नाही. आपलं माझ्या हातून मेलं. हे अमेरिकेतल्या जातीचं, मी दुकानातून आणलं, याला गोदावरीत सोडू नका, तिथल्या कासवांना ते बाधेल.

हलगी थांबली.

"मंग इतके दिवस नारळ कोणाला फोडले आपण?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"अमेरिकावाल्याला," चहावाला म्हणाला. पोरं हसली. एकदोन बायांनी ताटं खाली ठेवली, बाकीच्या तशाच उभ्या राहिल्या, ओवाळावं की नाही ते त्यांना कळेना.

"अहो, मंग गोदावरीतून खरं धरून आणू एक!"

"धरायचं नाही," मी म्हणालो. "आणि ठेवणार कुठे? विहीर तर झाकली जातेय."

सरपंच ट्रॉलीजवळ आला, खालच्या आवाजात बोलला. "गुरुजी, हे फोनवर सांगता आलं नसतं? पोरांनी रात्रभर जागून ट्रॅक्टर सजवला."

मी म्हणालो, हिंमत झाली नाही. त्याच वेळी मागून कोणीतरी म्हणालं, "जुना राग हाय. बापाला पाणी न्हाई भरू दिलं ना." मी वळून बघितलं नाही. सूड नव्हता, हे मी कुठेही सांगेन. पण विहीर माझ्या वडिलांसाठी मोकळी असती, तर कासव मेलं त्या सकाळी मी चौकात येऊन साधं सांगितलं असतं, चुकलो म्हणून. हेही खरं. मग तो मागून बोलणारा अगदीच खोटं बोलला, असं कसं म्हणू?

ट्रॅक्टर नदीकडे गेला नाही. घंगाळासकट कासव माझ्या हवाली झालं. आता ते जालन्यात आमच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात आहे. विटेवर चढून उन्हाला बसतं. नात म्हणते, ते अजून पुष्कळ वर्षं जगेल, माझ्यानंतरही, आणि मग तीच बघेल त्याच्याकडे. मऊ पाठीची कासवं आपल्या भागात अजून आहेत, असंही ती सांगते, म्हणजे मी मारलेलं शेवटचं नव्हतं. याचा मला आनंद व्हायला हवा. होतो, आणि लगेच वाटतं की आनंद कशाचा मानतोय मी.

परवा गावातली एक बाई जालन्याला बाजाराला आली होती. आरतीचं ताट घेऊन उभ्या राहिलेल्यांपैकी एक. पिशवीतून नारळ काढून हौदापाशी गेली.

"बरं हाय का ते?"

"बरं आहे."

तिनं बराच वेळ बघितलं. हात जोडायला उचलले, अर्ध्यावर थांबली. "गुरुजी, फोडू का न्हाई?"

तिनं वाट बघितली आणि नारळ हौदाच्या कडेला ठेवून एसटी गाठायला निघून गेली. तो तिथेच आहे. कासव कधीकधी त्याच्या सावलीत येऊन थांबतं.