वाणात आलेलं मत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीच्या जवळ येते आणि मग सगळ्यांची तब्येत बरी ठेव म्हणून उठते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि लपवून ठेवायचाही आता कंटाळा आला आहे, खरंच कंटाळा.

मी मूळची सांगलीची. शाळा चौथीत सुटली. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते गेल्यावर माझा मुलगा अमोल मला इकडे आयर्लंडला घेऊन आला. वॉटरफोर्डजवळ औषधांच्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे. सून केतकीही नोकरी करते. दोघं कामाला गेली की घरात मी एकटी. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, आधीपासूनच. इथे आल्यावर तर ते सोयीचंच झालं — भाषा येत नाही म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

पण ब्रीडा विचारायची. ब्रीडा म्हणजे आमची शेजारीण, माझ्याच वयाची, एकटी राहणारी. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांत कमरेएवढी भिंत आहे. २०२० मध्ये सगळं बंद झालं, कुणी कुणाकडे जायचं नाही असं ठरलं, तेव्हा ती भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसायची आणि माझ्याशी हळूहळू इंग्रजी बोलायची. एकच वाक्य न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हणायची. मी चुकले की हसायची, पण तिच्या हसण्याची लाज वाटायची नाही. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे तिनेच सांगितलं. कधी ब्ला द्यायची — इकडचा मऊ पांढरा पाव — आणि मी तिला थालीपीठ. ती मला सुशीला म्हणायची. लग्नानंतर मला नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. दिवाळीपर्यंत मला बरंचसं कळायला लागलं होतं. घरात मात्र मी ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कुणास ठाऊक. एवढी एक गोष्ट माझी राहू दे, असं वाटलं असेल.

ब्रीडा एका पक्षाचं काम करायची. तरुणपणापासून. पत्रकं वाटायची, बैठकीआधी हॉल झाडायचा, म्हाताऱ्यांना मतदानाला गाडीतून न्यायचं. त्या वर्षाच्या शेवटी आमच्या भागातल्या नगरसेवकाने आजारपणामुळे पद सोडलं. इथे अशी मध्येच जागा रिकामी झाली की पुन्हा निवडणूक होत नाही. त्याच्याच पक्षाचे त्या भागातले सभासद मतं देऊन आपल्यातला एक जण निवडतात आणि तो नगरसेवक होतो. ब्रीडाने नाव दिलं. मला म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं दारोदारी सांगत फिरले, एकदा माझं सांगायचं आहे.

दुसरं नाव मिलिंदचं होतं. मिलिंद अमोलचा मित्र, आपल्या मराठी मंडळींतला सगळ्यात धडपड्या. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. घरात आजारपण आलं तेव्हा औषधं, भाजी दारात आणून ठेवणारा तोच. आम्हाला भाड्याचं घर मिळत नव्हतं, ते त्यानेच एका ओळखीच्या घरमालकाकडून मिळवून दिलं. काकू, आपला एक माणूस तिथे बसायला नको का, म्हणायचा. ते मलाही पटत होतं.

मग संक्रांत आली. मिलिंदची बायको रेवती हिने हळदीकुंकू केलं, पण दारोदारी जाऊन. आमच्याकडे आली, पायरीवर पिशवी ठेवली आणि फाटकापाशी मागे जाऊन उभी राहिली. मी आतूनच म्हटलं, अगं, मला कसं? हे गेल्यापासून मला कुणी बोलावलं नव्हतं. सांगलीत मीच तशा घरांवरून मान खाली घालून जायची.

"काकू, आम्ही तसलं काही मानत नाही," रेवती म्हणाली. "लावा बघू कुंकू. आणि वाण आहे, परत नाही करायचं."

मी लावलं. आत जाऊन आरशात पाहिलं आणि रडले. पिशवीत तिळगूळ होता, एक छोटं निरांजन होतं आणि माझं नाव छापलेलं पक्षाचं सभासदाचं कार्ड होतं. आठवडाभर आधी अमोलने मोबाइलवर बोटाने सही करून घेतली होती, ती याची. वर्गणी भरलेली होती. मंडळातल्या सगळ्या बायकांना, भारतातून आलेल्या सगळ्या सासवांना तेच वाण.

इथे मी म्हणू शकले असते की मला काय कळतंय. पण कळत होतं. सांगलीत नगरपालिकेच्या निवडणुका आल्या की उमेदवारांच्या बायका हळदीकुंकू करायच्या आणि वाणात स्टीलचे डबे, कधी साड्या. ते डबे कशासाठी असतात हे तिथल्या पोरीबाळींनाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं कसं म्हणू? फक्त तेव्हा मी विधवा नव्हते आणि आता कुणीतरी मला विधवा मानलं नव्हतं. त्या आनंदात मी डोळे मिटून घेतले — स्वतःहून मिटले.

आणि तो आनंद सांगायला मी कुणाकडे गेले? ब्रीडाकडे. भिंतीपाशी उभी राहून मी माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत सगळं सांगितलं. वाण म्हणजे काय, ते नाकारत नाहीत, आणि हे बघ, मीही तुझ्या पक्षात आले. कार्ड दाखवलं. तिने विचारलं, पैसे तू भरलेस? मी हसून म्हटलं, नाही गं, वाणाचे कुणी पैसे देतं का?

तिने कार्डाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग एवढंच म्हणाली की कुंकू छान दिसतंय.

त्यांच्या पक्षाचा नियम होता की वर्गणी ज्याची त्याने भरायची, दुसऱ्याने भरून मतं गोळा करायची नाहीत. ब्रीडाने तक्रार केली. घरात एकच गडबड उडाली. जेवताना अमोल केतकीला सांगत होता की पैसे मिलिंदचेसुद्धा नव्हते, आमच्या घरमालकाने दिले होते. त्याला आणखी घरं बांधायची होती, नगरपालिकेत ओळखीचा माणूस हवा होता. हे बाहेर आलं तर मिलिंद गेला आणि आपल्यालाही हे घर सोडावं लागेल, अमोल म्हणाला. केतकी म्हणाली, पण त्या बाईला कळलं कुठून? मी पोळी वाढत होते. वाढत राहिले.

पक्षाच्या डब्लिनच्या कार्यालयातून नव्या सभासदांना एकेक करून व्हिडिओ कॉल करत होते. आमचा दुपारी आला. अमोल माझ्याशेजारी बसला, आईला इंग्रजी येत नाही म्हणाला. पलीकडची बाई समजूतदार होती, सावकाश बोलत होती. तिने विचारलं, वर्गणी तुम्हीच भरलीत का. अमोल माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, हो म्हण." मी हो म्हटलं. इतपत तर सगळ्याच जणी म्हणत होत्या.

मग तिने विचारलं, तक्रार करणाऱ्या बाई कधी तुमच्याशी या विषयावर बोलल्या होत्या का. हा प्रश्न अमोलने मला विचारलाच नाही. त्याने परस्पर उत्तर दिलं. ती आईला म्हणाली, तुमच्यासारख्या लोकांचं या पक्षात काय काम, तुम्ही तुमच्या देशात मतं द्या. आई तेव्हापासून अंगणात जायला घाबरते.

मला प्रत्येक शब्द समजला. ज्या बाईने ते शब्द मला शिकवले, तिच्याविरुद्ध ते चालले होते. त्या पलीकडच्या बाईने थेट माझ्याकडे पाहिलं, माझं नाव घेतलं आणि विचारलं, हे खरं आहे का? अमोलने ते मराठीत विचारलं आणि थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझं लेकरू घामाघूम झालेलं मी पाहिलं आणि — नाही, हे मी लिहिणार नाही. त्याच्या घामाचा इथे संबंध नाही. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. पुरेशी हलली नाही असं वाटून पुन्हा एकदा हलवली.

पुढचं सगळं लवकर झालं. ब्रीडाला विचारलं होतं की वर्गणीचं तुम्हाला कुणी सांगितलं, तेव्हा तिने नाव सांगायला नकार दिला. पुरावा नाही आणि वर ही अशी भाषा वापरली, म्हणून तिची तक्रार फेटाळली आणि निवडीतूनही तिचं नाव काढून टाकलं. मिलिंद बिनविरोध निवडून आला. रेवतीने पेढे पाठवले. मिलिंद काम चांगलं करतो, आमच्या रस्त्याला फुटपाथ त्यानेच करून दिला. त्या फुटपाथवरून मी रोज चालते. पण ब्रीडाच्या बरोबर पत्रकं वाटणाऱ्या बायका तिच्याकडे यायच्या बंद झाल्या. परदेशी लोकांचा द्वेष करणारी, असं तिच्याबद्दल दुकानात बोललेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. दूध घेतलं आणि घरी आले.

मी अंगणात जायचंच टाळत होते. अमोल जे खोटं बोलला होता, ते मी असं खरं करून दाखवत होते.

उन्हाळ्यात एकदा कपडे वाळत घालायला जावंच लागलं. ब्रीडा भिंतीपाशी आली. वाळली होती. मला वाटलं, तिला कळलंय, आता ती बोलेल, ओरडेल — आणि मला बरं वाटलं, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. पण तिला कळलेलं नव्हतं. तिच्याविरुद्ध कुणी सांगितलं, ते नाव पक्षाने तिला कळू दिलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सुशीला, तू मला सांगितलंस हे मी कुणाला बोलले नाही. तुला त्रास झाला असता." मग म्हणाली की कुणीतरी माझ्या तोंडी असे शब्द घातले जे मी आयुष्यात कधी बोलले नाही. रात्रंदिवस डोक्यात तेच असतं. मी चुकून कधी तसं बोलले असेन का, आणि मला आठवत नाही का, असंही आता वाटायला लागलंय. तुमच्या लोकांमध्ये तुझ्या कानावर काही आलं का, कोण म्हणालं असेल?

अमोल कामावर होता. केतकी घरात नव्हती. कुठला कॉल चालू नव्हता, कुणी मला हो म्हण, नाही म्हण सांगत नव्हतं. घर जाण्याची भीतीही तेव्हा उरलेली नव्हती, सगळं मिटलं होतं. तिला फक्त एवढं कळायला हवं होतं की ती तसं कधी बोललेली नाही. ते मला माहीत होतं. अमोलशिवाय जगात आणखी एकाच माणसाला ते माहीत होतं आणि ती मी होते.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

ब्रीडाने मान डोलावली आणि आत गेली. मी उरलेले कपडे वाळत घातले.