सलीमभाईचं वेल्डिंग मशीन

भंगाराच्या धंद्यात मालापेक्षा किस्से जास्त साठतात. माल निदान किलोवर विकता तरी येतो. किश्श्यांना गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखी चहाला टेकलेली मंडळी!

राहात्यात माझं दुकान. नव्वदनंतर घरोघरी टीव्ही-फ्रीज आले आणि त्यांच्यामागोमाग जळके स्टॅबिलायझर माझ्याकडे यायला लागले. एक दिवस पुणतांब्याचा सलीमभाई आला. नागापूरच्या एका कारखान्यात वेल्डर होता, कारखानाच बंद पडलेला. म्हणाला, जळकं असेल ते सगळं द्या, आतली तार आणि पत्रे काढून वेल्डिंगचं मशीन मीच बनवतो.

मी हसून विचारलं, "आणि नाही चाललं तर?"

"तर तुमच्याच काट्यावर आणून टाकीन, शेठ. आन बायकापोरं घेऊन सुरतेला मजुरीला जाईन."

मी हसणं आवरलं आणि जळका माल काट्यावर चढवायला लागलो.

* * *

अशा मशीनच्या जाड तारेवर कापडाच्या पट्ट्या गुंडाळाव्या लागतात, वर वॉर्निश. मी राहिलेला माल पोचवायला सलीमभाईच्या घरी गेलो, तर त्याची बायको, आमच्या भाभी, दारातच. ट्रंकेतली सुती साडी चोरीला गेली म्हणून साऱ्या गल्लीवर संशय घेऊन झालेला. आत सलीमभाई तार गुंडाळत बसलेला, आणि तारेवर हिरवी जरीकिनार!

भाभींनी ती पाहिली. बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "निदान किनार तरी आतल्या अंगाला घ्यायची."

* * *

मशीन लई तापायचं. म्हणून या गड्यानं ते अख्खंच्या अख्खं तेलाच्या डब्यात बुडवलं. तेल कुठलं? कोपऱ्यावरच्या भजीवाल्याच्या कढईत उरलेलं!

काम सुरू झालं की गल्लीभर खमंग वास. माझ्यादेखत एक टेम्पोवाला थांबला, डब्याकडे पाठ करून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दोन प्लेट. मिरची जास्त."

सलीमभाईनं तोंडावरची काळी काच वर करून विचारलं, "कशाची?" माणूस टेम्पोत कधी चढला ते कळलंच नाही.

* * *

पण खरी पंचाईत वेगळीच. ठिणगी पडली की गल्लीतले दिवे काजव्यागत व्हायचे आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. समोरच्या सोनाबाईंचा रविवारचा पिक्चर ऐन रंगात, हिरोनं पिस्तूल काढलेलं, आणि इकडे सलीमभाईनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वेल्डिंगचा टाका मारला.

सोनाबाई पदर खोचून बाहेर. "आरं मेल्या, हिरो मुंगीएवढा झाला! व्हिलनला दिसंना त्यो!"

दुसऱ्या दिवशी त्या वीज ऑफिसात जाऊन तक्रार देऊन आल्या.

* * *

वायरमन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं डब्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. सलीमभाईनं हात जोडले. ट्रॉलीचं काम अर्धं राहिलंय, हे बंद झालं तर घर बंद, असं काहीबाही बोलत होता. सोनाबाई समोरच्या दारातून ऐकत होत्या, मग आत गेल्या. वायरमननं एकच सांगितलं. "मी तक्रारवालीच्या टीव्हीपुढं उभा राहतो, तू टाका मार. चित्र हाललं की कनेक्शन कापणार."

वायरमन आणि मी समोर सोनाबाईंच्या घरी गेलो. त्या टीव्हीपुढं मांडी घालून लसूण सोलत बसल्या होत्या. टीव्ही बंद.

"मावशी, टीव्ही लावा की."

"लावल्यालाच हाय."

तेवढ्यात बाहेर ठिणग्या उडाल्या. डोक्यावरचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला. वायरमननं बल्बकडे पाहिलं, काळ्याठिक्कर पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, तक्रार तुमचीच ना? मग सांगा, चित्र हालतंय का?"

सोनाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"जरा बाजूला सरका," त्या म्हणाल्या, "नीट बगू द्या."