लेकरू असताना गावोगाव कशा फिराल?

मैत्रिणींनो, शेजारची पल्लवी आज लोकसंख्या संशोधनाच्या फेलोशिपची मुलाखत देऊन आली, तोंड पाडून. "काकू, लेकरू लहान असताना गावोगाव कशा फिराल, असं विचारलं मले."

ऐंशीच्या दशकात नोकरीच्या मुलाखतीत मलाही हेच विचारलं होतं. तेव्हा मी नुकतीच वडनेरला तात्पुरत्या सर्वेक्षणावर काम करून आले होते. तिथल्या बाया आधी मलाच विचारायच्या, "तुले लेकरं किती?" एक मुलगी आहे म्हटलं, की मगच त्या स्वतःच्या बाळंतपणांबद्दल मोकळेपणानं बोलायच्या. मुलाखतीत मी तेच ठणकावून सांगितलं. नोकरी मिळाली.

पल्लवीला म्हटलं, "रडून नको राहू. पुढच्या मुलाखतीत हेच सांगजो."

तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारला होता का? आणि तुमच्या नवऱ्याला?