साहेबांसाठी उपसलेलं बावखल

जयरामकाकांच्या वाडीत घड्याळ आहे, पण त्याकडे कुणी बघत नाही. केळीची सावली बावखलाच्या चौथ्या पायरीवर आली की जेवायचं, पाण्याला टेकली की चहा. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. काकांच्या पणजोबांनी खणलेलं, खालून जिवंत झरे. मी चाफ्याची फुलं घ्यायला म्हणून वसईला जाते आणि दुपारभर त्याच्या काठावर बसून राहते. घरी सांगते, रिक्षाच मिळाली नाही.

माझा फ्लॅट आचोळ्यात, असंच एक बावखल बुजवून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये. तेव्हा बावखल वाचवायच्या भांडणात मी कुठल्या तोंडाने बोलावं? तरी पालिकेकडे काकांची हरकत मीच लिहून दिली. शहराच्या नव्या विकास आराखड्यात त्यांच्या वाडीचा हिरवा रंग जाऊन पिवळा आला होता. पिवळ्यावर टॉवर उभे राहतात. बावखलाच्या जागी तर काहीच दाखवलं नव्हतं. आम्ही लिहिलं, इथे बारमाही पाणी आहे, येऊन बघा. पाण्याची नोंद झाली तर भराव टाकणं अवघड, एवढीच आमची आशा.

आणि चक्क उत्तर आलं. मे महिन्यातल्या एका मंगळवारी पालिकेचे साहेब पाहणीला येणार!

मंगळवारी मी पोहोचले तर बावखल रिकामं. तळाशी ओल, काठावर गाळाचे ढीग, मासे पिंपात, आणि धुतलेला पांढरा सदरा घालून काका उभे. पाहुणा येणार म्हटल्यावर लोक अंगण सारवतात. काकांनी दोन दिवस पंप लावून बावखल उपसलं होतं.

"साहेब बगाया येनार ना, मीराबाय? मग शेवाळलेलं दाखवू काय?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. बायजाकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "मी बोललेली. पन हे माझं आयकतील तर ना!"

साहेब आले. खाली वाकून बघितलं. "पाणी कुठे आहे?"

"येल ना. बसा तुमी," काका म्हणाले.

साहेबांनी कागदावर 'कोरडा खड्डा' असं लिहिलं. ते मी समोरून उलटं वाचलं. पण काकूंनी गूळ-पाणी पुढे केलं, मग तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी. नाही म्हणता म्हणता साहेब जेवले. चाफ्याखालच्या खाटेवर जरा टेकले आणि घोरायला लागले.

त्यानंतरची दुपार फार हळू गेली. वारा नव्हता. एक खंड्या बांबूवर येऊन बसला आणि रिकाम्या तळाकडे बघत राहिला, त्याला काहीतरी माहीत असल्यासारखा. मग तळातला एक दगड चमकला. मग त्याच्या शेजारचा. झरे गाळातून मोकळे झाले होते. पाणी आवाज न करता येत होतं, आणि आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो, तान्हं मूल जागं होईल की काय अशा भीतीने.

सावली तळातल्या पाण्याला टेकली तेव्हा साहेब उठले. काठाशी आले. पुन्हा वाकून बघितलं.

"किती आहे?"

काका पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहिले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "घोट्यापरत," ते म्हणाले.

साहेबांचा हात कागदावर थांबला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सदऱ्यासकट पाण्यात बसकण मारली.

"आता कमरेपरत आलं."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र हसता हसता डोळे पुसावे लागले. साहेबांनी 'कोरडा खड्डा' यावर रेघ मारली आणि लिहिलं, 'पाणी आहे.' खोलीच्या रकान्याशी पेन पुन्हा अडलं.

"उठा आता, काका," मी म्हटलं.

बहात्तर वर्षांचे काका जागचे हलले नाहीत. "साहेब, घाई नका करू," ते म्हणाले. "थांबा जरा. छातीपरत येल."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, बूट काढले आणि ते पायरीवर बसले.