रजेवरचा हजेरी मास्तर

पोलीस ठाण्यात कोणी कुठे उभं राहायचं हे ज्याच्या तोंडून ठरतं, त्याला हजेरी मास्तर म्हणतात. सही साहेबांची असते, तो भाग वेगळा. चौकात कोण, कोर्टात कोण, मोर्च्यापुढे कोण आणि मंत्र्यांच्या गाडीमागे धावायला कोण, हे सगळं एका हवालदाराच्या डोक्यात असतं. या ठाण्याचा मास्तर कित्येक वर्षं एकच होता. त्याचं खरं नाव बहुतेक साहेबांनाही आठवत नसावं. बायकोसुद्धा चारचौघांत त्याला ‘आमचे मास्तर’ म्हणायची, आणि नवीन शेजाऱ्यांना वाटायचं की हा माणूस शाळेत गणित शिकवतो.

मास्तरच्या अंगी एक विद्या होती. रजेवर गेलेला माणूस परत आणायची. आता पोलिसाची वार्षिक रजा काय चीज असते, ते भोगलंय त्यालाच विचारा. अर्ज करायचा, मिनतवाऱ्या करायच्या, मंजूर झाली की कोणाला न सांगता सटकायचं, आणि मग फोन उचलायचा नाही. ठाण्याचा नंबर, साहेबांचा नंबर, मास्तरचा नंबर, सगळे ओळखीचे. वाजू दे वाजेल तेवढा. मग मास्तर घरी जेवायला यायचा, बायकोचा फोन मागून घ्यायचा आणि रजेवरच्या माणसाच्या बायकोला लावायचा. बाईमाणसाचा नंबर दिसला की बाई उचलायचीच. “वहिनी, मी मास्तर. जरा द्या बरं त्याला.” एवढंच. दमदाटी नाही, आवाज चढवणं नाही. पलीकडचा गडी भावाचं घर लावून देत असो नाहीतर लेकीला पोहायला शिकवत असो, संध्याकाळपर्यंत गणवेशात हजर.

एक गोष्ट मात्र मास्तर त्या फोनवर सांगत नसे. त्यांच्या खात्यात परत बोलावलेल्या माणसालाही हक्क होते. कारणासकट लेखी आदेश मागता यायचा, परतीचा प्रवास ड्युटीत धरला जायचा, आणि हुकलेली रजा पुन्हा नावावर जमा व्हायची. मास्तरला हे सगळं तोंडपाठ होतं. पण कोणी विचारलंच नाही तर आपण होऊन कशाला सांगा. खोटं तो कधी बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

फोन परत हातात आला की मास्तरची बायको ओट्याशी उभी राहून त्याच बाईला पुन्हा लावायची. म्हणायची, “मनाला लावून घेऊ नका हो.” मग दोघी बराच वेळ बोलत बसायच्या. मास्तर तोवर हात धुऊन निघून गेलेला असायचा.

तर या बायकोचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. तारीख ठरली आणि पुढे गेली, पुन्हा ठरली आणि पुन्हा पुढे गेली, कारण दोन्ही वेळा साहेबांनी नुसतं म्हटलं, “मास्तर, तुम्ही गेलात तर इथं कोण?” आणि मास्तरने आपणच आपली रजा रद्द केली. साहेबांनी तसं सांगितलंही नव्हतं. आपण कोणाला तरी इतके लागतो, या विचारानेच त्याची छाती फुगली होती.

बायकोची अट एकच होती. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात. तेव्हा हात धरायला तुम्ही पाहिजे. परक्याचा हात धरून मी पाऊल उचलणार नाही. मागे एकदा ती न्हाणीघरात पडली होती आणि मास्तर ड्युटीवरून येईपर्यंत तशीच ओल्यात पडून राहिली होती. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत, पण तेव्हापासून तिला पडण्याची भयंकर भीती बसली होती. आणि मास्तरला ते ठाऊक होतं, म्हणून तिसऱ्या खेपेला त्याने खरंच रजा घेतली. हाताखाली एक नवी पोलीस शिपाई मुलगी होती, तिला सगळं काम समजावलं. विद्यासुद्धा दिली. “फोन नेहमी बायकोला लावायचा,” म्हणाला. आणि अडलंनडलं तर असू दे, म्हणून स्वतःच्या बायकोचा नंबर तिला लिहून दिला. आता काय म्हणावं या माणसाला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम करवून घेणारी बाई येऊन सांगून गेली, अर्ध्या तासात येते, उभं करू. बायकोने मास्तरचं मनगट धरलं ते सोडेना. आणि तिच्या उशाशी तिचा फोन वाजला.

बायकोने उचलला. ऐकलं. मग फोन मास्तरपुढे धरून म्हणाली, “तुमच्या ठाण्यातली मुलगी आहे. म्हणते, वहिनी, जरा द्या बरं मास्तरांना.”

मास्तरने फोन हिसकूनच घेतला. रागच आला त्याला. आपलीच विद्या आपल्यावरच?

“मास्तर, साहेब म्हणतायत…” मुलीने सुरुवात केली.

“लेखी आदेश पाहिजे,” मास्तर म्हणाला. “कारणासकट. सहीशिक्क्यासकट. रजा जमा करतो असं त्यात लिहिलेलं पाहिजे. त्याशिवाय मी इथून हलत नाही. सांग साहेबांना, नियम आहे.”

“नाही, पण मास्तर, ते…”

“लेखी,” मास्तर म्हणाला आणि फोन ठेवून दिला. अख्ख्या नोकरीत इतकं ताठ तो कधी बोलला नव्हता. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिला बरं वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. “बघू कसा काढतात आदेश,” तो म्हणाला. “कोणी काढत नाही. कारण लिहायला लागतं ना.”

थोड्याच वेळात आदेश फोनवर आला. कारण होतं, मोर्चाचा तातडीचा बंदोबस्त. सही होती, शिक्का होता. प्रवास ड्युटीत, रजा जमा. मास्तरने तो खालून वर आणि वरून खाली वाचला. चूक काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण एक चूक सापडली तर शपथ. सगळे हक्क मिळाले होते. आता गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“दुपारपर्यंत येतो,” तो म्हणाला. “त्या बाईला सांगतो, दुपारी चालवा म्हणून.”

बायकोने मनगट सोडलं. “जा.”

“अगं, लेखी आलंय.”

“जा म्हटलं ना. उगाच डोक्याशी उभं राहू नका.”

मास्तर ठाण्यात पोचला तेव्हा साहेब कपाळाला हात लावून बसले होते. मोर्चा वाटला त्याहून मोठा निघाला होता, रजेवरचे लोक हवे होते, आणि एकही जण फोन उचलत नव्हता.

“या मास्तर,” साहेब म्हणाले. “त्यांच्या बायकांचे नंबर द्या.”

“नंबर?”

“या पोरीला तेवढेच विचारायला सांगितलं होतं मी.”

मास्तरने मुलीकडे पाहिलं. मुलगी फरशीकडे बघत होती. “मी सांगत होते,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही बोलूच दिलं नाही.”

“मग फोनवर पुन्हा विचारायचं, साहेब. आदेश कशाला काढला?”

“तुम्ही मागितला,” साहेब म्हणाले. “मला वाटलं तुम्हाला यायचंय, पण कागदोपत्री. आजवर तुम्ही कुठली रजा पुरती घेतली आहे का? म्हटलं, घरी कंटाळले असतील.” साहेब खवचटपणे बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच मास्तरला जास्त लागलं. “बरं, आलात ते आलात. नंबर काढा.”

मास्तरने खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरून बसला. त्या बायकांपैकी एकीचाही नंबर त्याच्या फोनमध्ये नव्हता. आजवर गरजच पडली नव्हती. सगळे नंबर बायकोच्या फोनमध्ये होते, आणि तो फोन तिच्या उशाशी.

त्याने बायकोला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

“कोणाशी बोलतात एवढं?” साहेबांनी विचारलं.

“कल्पना नाही,” मास्तर म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं.

दुपारभर तो लावत राहिला. मोर्चा होते त्या माणसांच्या भरवशावर पार पडला, घोषणा झाल्या, दोन चपला हरवल्या, लोक पांगले. मास्तरने दिवसभरात कोणाची ड्युटी लावली नाही की कोणाला परत आणलं नाही. संध्याकाळी साहेब म्हणाले, “जा आता घरी,” तेव्हा तो गणवेश न बदलता थेट दवाखान्यात गेला.

खोलीत पलंग रिकामा होता. मास्तर दारावरचा नंबर पुन्हा बघायला वळला. तेवढ्यात जिन्याच्या बाजूने वॉकरची टकटक आली. बायको चालत येत होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण चालत होती. एका बाजूने ठाण्याच्या ड्रायव्हरच्या बायकोने तिला धरलं होतं. दुसऱ्या बाजूला वायरलेसवाल्याची बायको होती. मागून रायटरची, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणाऱ्या हवालदाराची, म्हातारी सासू पाण्याची बाटली घेऊन येत होती. या सगळ्यांना मास्तर फक्त आवाजावरून ओळखत होता. ‘जरा द्या बरं त्याला’ म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पडायची, ती यांचीच.

बायको पलंगावर टेकली. श्वास घेऊन म्हणाली, “काय काम होतं एवढं?”

“नंबर हवे होते. तुझ्या फोनमधले.”

“ते इथेच होते,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. मास्तरला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं. “आजचा दिवस रजेत परत जमा झाला.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

“छान झालं.”

मास्तरने हात पुढे केला. “चल, आता मी एक फेरी घालतो तुला.”

“आजच्या झाल्या. उद्या सकाळी या वायरलेसवाल्या वहिनी येतायत, संध्याकाळी ड्रायव्हरच्या घरची. परवा या मावशी. आम्ही लावून टाकलंय.”

“आणि मी?”

“तुम्हाला लावलं नाही.” ती चिडून बोलली असती तर त्याला सोसलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली, मास्तर स्वतः ठाण्यात बोलायचा तशी. “तुम्हाला बोलावतात.”

बायकांसमोर रडायचं नाही म्हणून मास्तरने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “मग मला राखीव तरी ठेव.”

बायकोने बाकीच्या तिघींकडे पाहिलं. रायटरच्या सासूने खांदे उडवले.

“ठीक आहे,” बायको म्हणाली. “राखीव बाहेर बसतात.”

मास्तर बाहेर जाऊन बाकावर बसला.