साडूंचे गॉसमर

औसा तालुक्यात इंग्रजीचा एकच शब्द जाणणारा, परंतु तो मुळापासून शेंड्यापर्यंत जाणणारा गृहस्थ एकच आहे आणि ते माझे थोरले साडू होत, हे मी तहसील कचेरीसमोरील बावीस वर्षांच्या अर्जलेखनाच्या अनुभवावरून जबाबदारीने नमूद करतो. शब्द गॉसमर. साडूंचे कापडाचे दुकान आहे. रद्दीत आलेल्या एका जाडजूड कोशात त्यांना हा शब्द गवसला आणि तेव्हापासून गिऱ्हाईक परकर मागो की पटका, साडू आधी गॉसमर सांगतात. थंडीच्या तोंडावर विलायतेत चार दिवस ऊब परतते; त्या दिवसांत तिकडे मोठी बदके खाण्याची चाल, म्हणून त्या दिवसांचे नाव म्हणे 'गूज समर', म्हणजे बदकाचा उन्हाळा. त्याच उन्हात कोळ्यांचे तंतू शेतांवरून तरंगत जातात. लोक बदके विसरले, उन्हाळा विसरले, नाव तेवढे तंतूंना चिकटून राहिले. मग तंतूंवरून उतरून ते तलम कापडावर बसले. एवढे सांगताना साडूंची नजर छतापलीकडे कुठेतरी लागते, हात आपोआप चालत राहतो, आणि नायगावच्या एका पाहुण्याला अशाने अडीच मीटरऐवजी चार मीटर कापड फाडून मिळाले होते.

गेल्या दिवाळीनंतर साडू माझ्या टेबलाशी आले. "साडूभाऊ, दुकानाचं नाव बदलून गॉसमर करायचंय. अर्ज लिहा, आन् लवकर लिहा."

घाईचे कारण मला ठाऊक होते. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी, नावे विसरू लागल्या होत्या. लग्न होऊन जळकोटहून निघाल्या त्या सकाळी, ज्वारीच्या बांधावर त्यांच्या पदराला असेच तंतू अडकले होते. "ह्याला काय म्हणत्यात हो?" हे त्यांनी नवऱ्याशी बोललेले पहिले वाक्य. साडूंना उत्तर आले नव्हते.

"आता गावलंय," साडू म्हणाले, "तर तिला वाचता येतंय तवर पाटी लागली पाहिजे."

माझ्या अर्जात उणीव राहत नाही. नावाचा खुलासा कोणी मागितला नव्हता, तरी मी ठळक अक्षरांत जोडला : 'अर्थ – बदकाचा उन्हाळा.' आठव्या दिवशी अर्ज परत आला. कारकुनाने लाल शाईत शेरा मारला होता : पक्षी विक्रीस ठेवणार असल्यास पशुवैद्यकीय दाखला जोडावा.

"लिंगायताच्या दुकानात बदकं बसवली व्हय तुम्ही!" साडू कडाडले. "आता मठात काय तोंड दावू?"

"अप्पा, व्युत्पत्ती तुमचीच आहे," मी साडूंना म्हणालो.

"व्युत्पत्ती माझी हाय. अक्कल कुणाची?"

नवा अर्ज मी त्याच बैठकीत लिहिला. त्यास, हयातीत प्रथमच, खुलासा जोडला नाही.

पाटी लागली त्या सकाळी अक्कांना दुकानासमोर कोवळ्या उन्हात खुर्ची दिली होती. त्यांनी अक्षराला अक्षर जोडले. "गॉ... स... मर. ही कोण बाई?"

साडू सगळे सांगायला खुर्चीशी वाकले. नायगावच्या पाहुण्याला सांगता आले होते, ते इथे सांगता येईना. इतक्यात पाटीच्या कोपऱ्यापासून एक तंतू सुटला आणि हेलकावे घेत खाली येऊ लागला. अक्कांनी हात उचलून तो अलगद बोटावर घेतला.

"हे जळकोटाचं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या पदराला व्हतं."

"हाव," साडू म्हणाले. "तेच."

पुढचा खुलासा त्यांनी केला नाही. मीही येथे जोडत नाही.